बारोलो तुरट लागली म्हणजे ती खराब होती असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी इटलीत तुरिनला शिकते. सुट्टीला पुण्यात येताना तिने आल्बा गावातल्या दुकानातून बारोलो या तिकडच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, दोन्ही २०२० सालच्या. 'जुनं कुटुंब आहे, पारंपरिक पद्धतीनेच करतात,' असं दुकानदाराने तिला सांगितलं. मे महिन्यात पाहुणे आले तेव्हा तुम्ही एक बाटली उघडून लगेच ग्लासात ओतली, जेवायला तांबडा रस्सा होता. रंग फिका निघाला, कडेला विटकरी झाक. वासात गुलाबही होता आणि डांबरही. घोट घेतला तर हिरड्या आणि जीभ कोरडी पडली. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, 'ही उतरलेली दिसते.' आता तुम्ही विचारताय की बाटली खराब होती का, 'पारंपरिक कुटुंब' हे नुसतं विकण्यासाठीचं बोलणं आहे का, आणि उरलेली बाटली २०३० मधल्या तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ठेवावी का.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीत नऊ वर्षं तळघर सांभाळलं. मध्ये दोन वर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरात बारोलोच्या टेकड्यांवर वाइन करणाऱ्या एका छोट्या घराकडे हंगामी कामाला होतो. आता हॉटेलांसाठी वाइन निवडून देतो. तुमच्यासारखी तक्रार मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळते, आणि बहुतेक वेळा बाटलीत खोट नसते. ती वाइन वेळेच्या हिशोबाने केलेली असते आणि आपण तिला वेळ न देता पितो. तुमचे तिन्ही प्रश्न शेवटी या एकाच गोष्टीपाशी येतात. ही वाइन थांबण्यातून होते, आणि ते थांबणं परवडावं म्हणून तिच्यामागे कुटुंब असावं लागतं.

आधी खराबीचं बघू, कारण ती शक्यता मी घरबसल्या पूर्ण नाकारू शकत नाही. बुचाचा दोष असेल तर वास ओल्या पुठ्ठ्याचा येतो, पावसात भिजून बंद खोलीत पडलेल्या खोक्यासारखा, आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. उन्हाचा फटका बसला असेल तर बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर आलेलं असतं किंवा बुचाच्या बाजूने वाइन झिरपून चिकट डाग पडलेला असतो, आणि चवीला शिजवलेल्या मनुका लागतात. हवा शिरली असेल तर व्हिनेगर नाकात जातं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय फिका रंग, विटकरी कड, गुलाब, डांबर आणि कोरडी जीभ. बारोलोची ओळख विचारली तर मी याच पाच गोष्टी सांगेन. डांबर आणि गुलाब ही जोडी तर या वाइनबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

आता फिका रंग कशामुळे? बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून होते, दुसरं द्राक्ष मिसळायला कायद्याने परवानगी नाही. आपल्याला काबर्ने आणि शिराझ या गडद लाल वाइनची सवय, त्यामुळे रंग जितका गडद तितकी वाइन दमदार असं डोक्यात बसलंय. नेब्बिओलोच्या सालीत रंगद्रव्य कमी आणि त्यातही टिकाऊ प्रकारचं कमी, त्यामुळे ते लवकर उडतं आणि कड विटकरी होते. तुरटपणा देणारं टॅनिन मात्र साल आणि बिया दोन्हींत भरपूर. वर आम्लही चढं. म्हणून दिसायला नाजूक आणि तोंडात कडक अशी ही वाइन निघते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि लाळेचा ओशटपणा जातो. जांभूळ, कच्चं केळं किंवा काजूचं बोंड खाल्ल्यावर जे होतं, तेच इथे होतं. चहा कोरा प्यायला तर तुरट लागतो, दूध घातलं की मऊ होतो, त्यामागेही हेच कारण आहे. हा धागा पुढे जेवणाच्या वेळी लागेल.

हे द्राक्ष शेतकऱ्यालाही सोपं नाही. बारोलोच्या प्रांतात, म्हणजे पिएमोंतेत, ते सगळ्यांत आधी फुटतं आणि सगळ्यांत शेवटी पिकतं, म्हणजे वसंतातल्या गोठणाऱ्या दहिवराची भीती आणि ऑक्टोबरच्या पावसाचीही. 'नेब्बिओलो' हे नाव 'नेब्बिया' म्हणजे धुक्यावरून आलं असावं असं तिकडे सांगतात. तोडणीला सकाळी बाहेर पडलो की खालची दरी पांढऱ्या दुलईत असायची, फक्त टेकड्यांची टोकं आणि चर्चचे मनोरे वर. दहा-साडेदहाला धुकं विरलं की कामाला लागायचं, ओल्या घडांना हात लावायचा नाही. छाटणी शिकवताना त्या घरातल्या आजोबांनी काडीच्या बुडाचे दोन-तीन डोळे दाखवून मान हलवली, तिथे माल लागत नाही. म्हणून लांब काडी ठेवतात आणि वाकवून तारेला बांधतात. मला ते लगेच कळलं, कारण थॉमसनच्या बागेत ऑक्टोबर छाटणीआधी आपण काडी तपासून माल कोणत्या डोळ्यावर आहे ते बघतो, ते याच कारणासाठी. फरक उत्पन्नाचा. आपला टेबल द्राक्षाचा बागायतदार एकरी आठ-दहा टनांची भाषा करतो, बारोलोला कायद्याने हेक्टरी ८ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टनाच्या आसपास.

आता 'पारंपरिक' या शब्दाकडे येतो. बारोलोत या शब्दाला तळघरातल्या दोन कामांचा ठोस अर्थ आहे. पहिलं काम साली रसात किती दिवस ठेवायच्या ते ठरवण्याचं, दुसरं वाइन कसल्या लाकडात ठेवायची ते ठरवण्याचं.

नाशिकला लाल वाइनच्या साली आम्ही बहुधा आठ-दहा दिवसांत वेगळ्या करायचो. फेब्रुवारी पुढे सरकला की उकाडा वाढतो, टाकी गरम होते, उशीर परवडत नाही. तिकडे त्या घरात साली पस्तीस दिवस रसात होत्या. आंबवण जोरात असतं तेव्हा साली वायूबरोबर वर येऊन जाड थर होतो. तो थर रोज रसाने भिजवायचा. जोर ओसरला की टाकी तोंडापर्यंत भरायची आणि आत लाकडी फळ्या आडव्या बसवायच्या, म्हणजे थर वर येऊच शकत नाही, रसाखाली बुडालेला राहतो. मग वाट बघायची. आपण लोणच्याला वरून दगड ठेवून फोडी खारात बुडवून ठेवतो, तसंच ते. पंधराव्या दिवशी मला चव दिली तेव्हा तोंड वेडंवाकडं झालं. पस्तिसाव्या दिवशी त्याच टाकीतला तुरटपणा कमी झाला नव्हता, पण त्याची धार गेली होती, तोंडभर सारखा पसरत होता. तोपर्यंत जास्त दिवस म्हणजे जास्त कडू असं मी धरून चाललो होतो. त्या दिवसापासून ते सोडलं.

दुसरी गोष्ट लाकडाची. परंपरेने बारोलो 'बोत्ते' नावाच्या मोठ्या लाकडी पिंपात मुरते. अडीच हजार, पाच हजार लिटर, कधी त्याहून मोठं. लाकूड बहुतेक स्लावोनियाचं ओक, म्हणजे पूर्व क्रोएशियातलं. स्लोव्हेनियाशी त्याची गल्लत नेहमी होते. आधुनिक पद्धत आली ती फ्रान्सच्या लहान पिंपांबरोबर, त्यांना 'बारिक' म्हणतात, २२५ लिटरची. आपल्या 'बारीक' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, पण मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपं. हिशोब असा की पिंप मोठं होत जातं तसा लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी होतो. पाच हजार लिटरच्या बोत्तेत तो बारिकच्या साधारण एक तृतीयांश राहतो. शिवाय बोत्ते वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त वापरलेलं असतं, त्यामुळे व्हॅनिला किंवा भाजलेल्या कॉफीचा वास ते देत नाही. लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी थेंबाथेंबाने आत जाते आणि टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. तोंडात त्यांची बोच कमी होते. हे घाईने होत नाही.

बोत्तेला पुढच्या बाजूला तळाशी एक छोटं दार असतं. एक खांदा आधी, मग डोकं, मग दुसरा खांदा असं करत आत शिरावं लागतं. वाइन दुसरीकडे काढल्यावर, आतली हवा खेळती झाली याची खात्री करून मी आत जायचो आणि भिंतीवरचा टार्टरचा, म्हणजे वाइनमधल्या आम्लाच्या साक्याचा, लालसर खडा ब्रशने आणि गरम पाण्याने काढायचो. बाहेर घरातली थोरली मुलगी उभी असायची आणि सारखी बोलत राहायची. आतून उत्तर आलं नाही तर ओढून काढायचं, हा त्या घरचा नियम. पिंपाच्या आत डोक्यावरच्या दिव्यात लाकडावर खडूने लिहिलेली एक तारीख दिसली होती, तिच्या आजोबांच्या हातची. शेवटी कोणत्या साली दुरुस्ती केली त्याची.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच, की फिका रंग हा द्राक्षाचा स्वभाव, तुरटपणा ही द्राक्षाची आणि लांब भिजवणीची देणगी, आणि तो मऊ व्हायला मोठं लाकूड व मग बाटली यांत वर्षं जावी लागतात. तुमची बाटली २०२० ची होती. दमदार पारंपरिक बारोलोला तोडणीच्या वर्षापासून दहा वर्षं हा मी रास्त टप्पा मानतो. साल, गाव आणि घर यांवर ते अवलंबून आहे. ला मोर्रा आणि बारोलो या गावांकडची माती बहुतेक निळसर मार्ल, म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमाती, तिथल्या वाइन बऱ्याचदा लवकर खुलतात. सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते या गावांच्या टेकड्यांची जमीन जुनी, वाळूखडकाचे थर असलेली, तिथली बाटली ताठ असते. अपवाद दोन्हीकडे आहेत. २०२० चं साल त्यातल्या त्यात लवकर बोलकं होणारं मानतात, ही तुमच्या जमेची बाजू.

आता कुटुंबाचं. कायदा म्हणतो, बारोलो तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरली पाहिजे, त्यातले १८ महिने लाकडात. लेबलावर 'रिझेर्वा' लिहायचं असेल तर ६२ महिने. म्हणजे २०२० चं द्राक्ष १ जानेवारी २०२४ च्या आधी बाजारात येऊच शकत नव्हतं. शेतकऱ्याच्या नजरेने बघा. छाटणी, मजुरी, बाटल्या, बुचं, कर हा सगळा खर्च झाला, आणि पहिला रुपया चौथ्या वर्षी. तोवर तळघरात एकामागून एक चार सालांचा माल पडून. हे परवडतं कसं? दोल्चेत्तो आणि बार्बेरा या साध्या वाइन लवकर विकून घर चालतं, कुठे हेझलनटची झाडं असतात, आणि मुख्य म्हणजे तळघर व जमीन आधीच्या पिढीने फेडून ठेवलेली असते. आजोबांनी घेतलेल्या बोत्तेत नात वाइन ठेवते म्हणून ती चार वर्षं थांबू शकते. 'कुटुंब' या शब्दाकडे मी जिव्हाळ्यापेक्षा या हिशोबासाठी आधी बघतो.

आणि ही कुटुंबं पूर्वीपासून सधन होती असं अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकात बारोलो ही सरदारांची वाइन होती. बारोलोची जहागीर फाल्लेत्ती घराण्याची. जुलिया कोल्बेर ही त्या घराण्याची फ्रान्समधून आलेली सून, तिचं नाव या वाइनच्या सुरुवातीशी जोडलं जातं. शेजारच्या ग्रिन्झानेला कामिल्लो काव्हूर द्राक्षशेती बघायचा, तोच पुढे इटलीच्या एकीकरणाचा मुत्सद्दी झाला. साधा शेतकरी मात्र विसाव्या शतकात बराच काळ घड तोडून गाडीत भरायचा आणि आल्बाच्या चौकात दलालाची वाट बघत उभा राहायचा. संध्याकाळ होत आली की माल सुकायला लागतो, आणि मग दलाल सांगेल तो भाव. निफाड-दिंडोरीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं तुरिनच्या फियाट कारखान्यात गेली, काही आल्बाच्या फेरेरोच्या चॉकलेट कारखान्यात. फेरेरोने गावोगाव बस धाडल्या, त्यामुळे कित्येकांनी दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात वेली असं करून जमीन राखली. घड दलालाला न देता स्वतः बाटली भरून स्वतःच्या नावाने विकायची हा निर्णय ज्या घरांनी घेतला, त्यांना आपण आज 'जुनी कुटुंबं' म्हणतो.

'पारंपरिक' या शब्दावरून तिकडे घरं दुभंगली आहेत, हेही तुम्हाला माहीत असावं, म्हणजे दुकानदाराच्या वाक्याचं वजन कळेल. ऐंशीच्या दशकात ला मोर्राच्या एलिओ आल्तारे यांनी वडिलांच्या तळघरातली जुनी बोत्ती यांत्रिक करवतीने कापून काढली आणि बारिक आणले. वडिलांनी त्यांना वारसा हक्कातून काढलं. हे ऐकताना पटकन वडिलांची बाजू घ्यावीशी वाटते. मी ती पूर्ण घेत नाही. बोत्ते नीट धुतलं नाही तर त्यात काय पोसतं ते मी आत शिरून बघितलंय, आणि तेव्हाची बरीच तळघरं खरोखर मळकट होती. आल्तारे आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वच्छता आणली, बागेत घड विरळायला शिकवलं, बारोलोचं नाव अमेरिकेपर्यंत नेलं. पण नव्या ओकचा वास नेब्बिओलोच्या नाजूक गुलाबावर बसतो आणि मग वाइन कुठल्या टेकडीची ते कळत नाही, ही जुन्यांची तक्रारही मला रास्त वाटते. आज दोन्ही टोकं बरीच जवळ आली आहेत. बारिकवाल्या कित्येकांनी पुन्हा मोठं लाकूड घेतलंय, आणि पारंपरिक घरांत तापमान राखायची सोय आली आहे.

जुन्या बाजूचा सगळ्यांत ठाम आवाज बार्तोलो मास्कारेल्लो यांचा. बारोलो गावातलं छोटं घर, वडील जुलिओ यांनी उभं केलेलं, पाचेक हेक्टर जमीन. कान्नूबी, सान लोरेंझो, रुए आणि ला मोर्राकडचं रोक्के अशा चार जागांचं द्राक्ष ते एकत्र करायचे आणि एकच बारोलो काढायचे. एकेका बागेची वेगळी बाटली भरायची पद्धत १९६१ च्या हंगामापासून रुळली, प्रुनोत्तो आणि व्हिएत्ती या घरांनी तिची सुरुवात केली. मास्कारेल्लोंचं म्हणणं, एक बाग गारपिटीत गेली, एक उन्हात करपली, तरी चौघी मिळून तोल सांभाळतात, आणि बारोलोची जुनी रीत हीच. शेवटची वर्षं ते चाकाच्या खुर्चीत होते, हाताने लेबलं रंगवायचे. त्यातल्या 'नो बारिक, नो बर्लुस्कोनी' या लेबलाची इटलीभर चर्चा झाली, बर्लुस्कोनी हे तेव्हाचे इटलीतले बडे राजकारणी. २००५ मध्ये ते गेले. मुलगी मारिया तेरेसा आजही बागा एकत्र करूनच बारोलो करते.

त्याच गावातले जुझेप्पे रिनाल्दी, शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर. वडिलांनंतर तळघर हाती घेतलं. त्यांच्याकडे दोन-दोन बागांच्या जोड्या असायच्या, ब्रुनाते आणि ले कोस्ते, कान्नूबी सान लोरेंझो आणि रावेरा, आणि जोडीची नावं लेबलावर. मग बागांच्या अधिकृत नावांची यादी आली, आणि २०१० च्या हंगामापासून एका लेबलावर दोन बागांची नावं लिहायला बंदी झाली. जी पद्धत जुनी, तीच नव्या नियमात बसेना. नियमाने एका बागेच्या नावाखाली १५ टक्क्यांपर्यंत दुसरीकडचा माल चालतो, म्हणून त्यांनी एक वाइन 'ब्रुनाते' ठेवली आणि उरलेल्या तीन बागांच्या वाइनला 'त्रे तिने', म्हणजे तीन टाक्या, असं नाव दिलं. जुझेप्पे २०१८ मध्ये गेले, आता मार्ता आणि कार्लोत्ता या दोघी मुली काम बघतात. नियम गावाच्या भल्यासाठीच होता, पण लेबल बदललं म्हणून परंपरा बदलली असं धरू नये, यासाठी हे उदाहरण मी नेहमी देतो.

आणि कुटुंब म्हटलं की वाटणीही आली. कोंतेर्नो घराण्यात १९६९ मध्ये जोव्हान्नी आणि आल्दो हे भाऊ वेगळे झाले. जोव्हान्नींनी वडिलांच्या, जाकोमोंच्या, नावाचं तळघर ठेवलं. १९७४ मध्ये सेर्रालुंगातली कासीना फ्रांचा ही बाग विकत घेतली, आणि 'मोनफोर्तीनो' ही रिझेर्वा कित्येक वर्षं मोठ्या लाकडात मुरवूनच बाहेर काढायची पद्धत कायम ठेवली. आता मुलगा रोबेर्तो ते सांभाळतो. आल्दोंनी मोनफोर्तेच्या बुस्सियात वेगळं घर मांडलं. दोन्ही घरं नावाजलेली आहेत. हल्ली अडचण अशी की बारोलोची जमीन हेक्टरी दहा लाख युरोच्या वर गेली आहे. एका भावाला शेती करायची आणि बहिणीला हिस्सा रोख हवा, तर तो द्यायचा कुठून? काही घरं अशानेही बाहेरच्या भांडवलाकडे जातात. व्हिएत्ती २०१६ मध्ये एका अमेरिकन उद्योजक कुटुंबाने घेतलं. वाइन लगेच वाईट होते असं नाही. पण लेबलावरचं आडनाव आणि मालक एकच असतील, हे आता गृहीत धरता येत नाही.

मग दुकानदाराचं बोलणं तपासायचं कसं? मुलीला तिथेच विचारता येईल. जमीन स्वतःची आहे की द्राक्ष विकत घेतात? साली किती दिवस ठेवतात? लाकूड किती लिटरचं? चांगल्या दुकानदाराला तिन्ही उत्तरं तोंडपाठ असतात. बाटलीच्या मागच्या लेबलावर 'इंबोतिल्यातो आल्लोरीजिने' असं असेल तर ज्याने वेली राखल्या त्यानेच बाटली भरली असं समजायला हरकत नाही. नुसता 'त्रादिझिओनाले', म्हणजे पारंपरिक, हा शब्द मात्र काहीच सांगत नाही. माझ्या मते तुम्ही वर्णन केलेली वाइन खरोखर पारंपरिक पद्धतीचीच होती. बारिकची असती तर व्हॅनिलाचा गोडसर वास आला असता आणि पाहुण्यांना ती त्या दिवशी जास्त आवडली असती.

उरलेली बाटली २०३० पर्यंत ठेवा, जरूर ठेवा. पण कुठे, यावर सगळं आहे. तिला सतत १२ ते १५ अंश लागतात. अंधार हवा, हादरे नकोत, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. पुण्यात घरातलं कपाट हिवाळ्यात ठीक, एप्रिल-मे मध्ये तिथे ३५ अंश होतात. माझ्या कामात एका आयातदाराच्या गोदामातला माल एका उन्हाळ्यात गेला. वातानुकूलन रात्री बंद ठेवायचे. बाटल्या फुटल्या नाहीत, गळल्याही नाहीत, फक्त आतलं फळ शिजलं. माल सही करून घ्यायच्या आधी मीही तळाची खोकी उघडून बघितली नव्हती, तेव्हापासून बघतो. छोटा वाइनचा फ्रिज असेल किंवा कुणा ओळखीच्यांकडे असेल तर तिथे ठेवा. नसेल तर घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात वर्षभर चालेल, पण पाच वर्षं तिथे ठेवू नका. कोरड्या थंडीने बूच आक्रसतं. आणि हे काहीच जमणार नसेल तर २०३० ची वाट न बघता येत्या डिसेंबरात उघडा. उन्हाळे सोसलेल्या जुन्या बाटलीपेक्षा तरुण बाटली केव्हाही बरी.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ तळाशी बसेल. १७-१८ अंशांवर आणा. पुण्याच्या खोलीतलं तापमान म्हणजे ते नव्हे, फ्रिजमध्ये ठेवून काढावं लागेल. २०३० मध्ये उघडलीत तर जेवणाआधी दीड-दोन तास. या डिसेंबरात उघडलीत तर सकाळीच उघडा, रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओता आणि संध्याकाळी प्या. मोठा ग्लास घ्या, एक तृतीयांशच भरा. तिसऱ्या तासाला ग्लासातला वास बदललेला कळेल, आधी डांबर पुढे असतं, मग गुलाब, मग वाळलेल्या पानांसारखं काहीतरी.

आणि जेवण. तांबड्या रश्श्याने त्या दिवशी तुमचं अर्धं नुकसान केलं. बारोलोत साधारण चौदा टक्के अल्कोहोल, त्यावर मिरची म्हणजे जळजळ आणि तुरटपणा दोन्ही दुप्पट. तिला चरबी, प्रथिनं आणि थोडं मीठ हवं, म्हणजे टॅनिन लाळेऐवजी त्यांना धरतं. तिकडे लोक तिच्यासोबत गोमांस याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवून खातात, नाहीतर लोणी घातलेल्या बारीक शेवया, त्यांना ताजारीन म्हणतात. आपल्याकडे तिखट घालायच्या आधी बाजूला काढतो ते अळणी मटण, आलं-लसूण-हळदीचं, वर तुपाचा चमचा, हे मी पाहुण्यांना वाढून बघितलंय आणि ते फार छान जमतं. शाकाहारी असाल तर तुपात परतलेली अळंबी किंवा जुनं, कडक चीज.

एक शेवटची गोष्ट, मुलीसाठी. पाहुण्यांसोबत त्याच संध्याकाळी उघडायची बाटली हवी असेल तर पुढच्या खेपेला तिने त्याच घराची 'लांगे नेब्बिओलो' आणावी. द्राक्ष तेच, बऱ्याचदा त्याच बागांतल्या तरुण वेलींचं, साली कमी दिवस ठेवलेली, किंमत पुष्कळ कमी. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोकळी होते. सुट्टीत एखादा शनिवार मिळाला तर तिने तुरिनहून आल्बाला गाडीने जावं, तिथून बस करून बारोलो गाव गाठावं, आणि आधी पत्र पाठवून वेळ मागून ते तळघर बघून यावं. बोत्तेच्या तळाशी ते छोटं दार दिसेल.